पडदेवालीचा चौक

"दिसली का छत्री?" पडदाबाबांनी विचारलं.

"कसली छत्री?" बँकेतल्या कारकुनानं भाबडेपणानं उलट विचारलं, आणि अख्खा हॉल "आई गं!" करून उठला.

छत्री म्हणजे काही पिशवीत मावणारी नव्हती. पिवळीधमक, हॉटेलाबाहेरच्या टेबलावर उभी करतात तसली अवाढव्य. ती उघडून डोक्यावर धरून खुद्द बाबा कारकुनाच्या समोरून आडवे गेले होते, वर मागे फिरून पुन्हा आडवे आले होते. हॉलमधल्या कडेवरच्या पोरांनासुद्धा ती दिसली. दिसली नाही ती एकट्या कारकुनाला. फोन कानाला लावून, डोळे टक्क उघडे ठेवून, जमिनीवर आखलेल्या खडूच्या दोन रेघांमधून तो सरळ चालत गेला होता.

"बघितलंत, बाळांनो?" बाबांनी छत्री मिटली. "डोळा उघडा, पण नजर बांधलेली! हीच ती पडदेवाली. तुमच्या चौकात उभी राहते आणि रस्ता ओलांडणाऱ्याच्या डोळ्यांवर पडदा टाकते. रस्त्यावर डांबर नव्हतं तेव्हापासून ती इथं आहे. विज्ञानाच्या पायऱ्या जिथं संपतात ना, तिथून आमचा जिना सुरू होतो!"

जिना वर कुठं जात होता कोण जाणे, पण टाळ्या मात्र कडाडून पडल्या.

मग उतारा. चेल्यानं ताट पुढे केलं. कारकुनानं आपला फोन ताटात ठेवला. बाबांनी फोनच्या पाठीला एक तांब्याची टिकली चिकटवली, डोळे मिटून तिच्यावर फुंकर घातली. "टिकली मुरेपर्यंत फोनला हात लावायचा नाही. आता चाल."

कारकून पुन्हा चालला. बाबा पुन्हा छत्री घेऊन आडवे गेले. "अहो, ही काय छत्री! केवढी मोठी!" कारकून ओरडला आणि चक्क रडायला लागला. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी बायकाही त्याच्याबरोबर रडल्या.

आणि ज्याला पहिल्या खेपेलाच छत्री दिसे, त्याचं काय? बाबांकडे त्याचीही सोय होती. "याच्यावर पडदा नाही, हा मोकळा आहे," म्हणून त्याला जागेवर बसवत. म्हणजे छत्री दिसली तरी बाबा खरे, नाही दिसली तरी बाबा खरे. असा धंदा बुडणार तरी कसा?

तिसऱ्या रांगेत बसलेल्या ताईंनी सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. पडदेवाली आहे. डोळ्यांनी बघितली. मग बाकी काही नाही.

ताईंचा बाजारामागं शिवणाचा लहानसा कारखाना होता. हाताखाली मशीनवर चौघी आणि काजबटणाला एक. बेतणं आणि कापणं मात्र ताई स्वतः करत. कात्री चालू असताना त्या कुणाला हूं की चूं करू देत नसत. मागं एकदा मशीनवरच्या पोरीनं मध्येच काहीतरी विचारलं आणि ताईंनी कुणाच्यातरी लग्नाच्या कोटाची बाही आखूड कापली होती. तेव्हापासून कापायच्या टेबलाजवळ फोनला बंदी. टेबलावर एवढी हुशारी आणि रस्त्यावर? पण ते पुढं येईल.

घरात मायलेकी दोघीच. लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. सुटायला तिला अंधार पडे, आणि घरी यायचं तर चौक ओलांडून, पुढं गोदामांची लांबलचक भिंत धरून यावं लागे. पोर एकटी येते म्हणून ताईंनी एक पद्धत पाडली होती: सोबतीचा फोन. लेक लॅबच्या पायऱ्या उतरली की ताई फोन लावत आणि ती दाराची घंटा वाजवीपर्यंत बोलत राहत. आज काय झालं, कोण काय म्हणालं, भाजी कुठली करू. लेकीच्या कानात ते इवलेसे बिनवायरचे इअरफोन असायचे, वरून मोकळे केस. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी एकटीच आपल्याशी हसतेय. कारखान्यातल्या बायकांना ताई अभिमानानं सांगत, "माझी लेक कधी एकटी येत नाही. मी असते बरोबर." ते ऐकून त्या बायकांनीही आपापल्या घरी तीच पद्धत सुरू केली. कुणी नवऱ्याला सोबत करी, कुणी सासूला.

त्या संध्याकाळी ताईंना त्यांची झिगझॅग कात्री सापडत नव्हती.

"अगं, तू काल कपाट आवरलंस ना? कुठं ठेवलीस?"

"कात्री? थांब हं, आठवते." लेकीचा आवाज जरा मंदावला. "कपाट उघडलं... वरच्या खणात दोरे. नाही, तिथं नाही. दुसऱ्या खणात अस्तरं ठेवली, मग डाव्या बाजूला..."

पुढं हॉर्नचा आवाज आला. पुन्हा आला. मग जे काही ऐकू आलं, त्याबद्दल ताई कधी कुणाशी बोलल्या नाहीत.

कात्री समोरच्या कापडाखाली होती. हात लांब केला असता तर लागली असती.

पोर वाचली. मांडीचं हाड मोडलं, आत स्टीलची पट्टी घालावी लागली, महिनोन् महिने कुबडी. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, "आई, मला व्हॅन दिसलीच नाही गं. डोळ्यांवर कुणी पडदा टाकावा तसं झालं." हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये जो भेटेल तो विचारी, 'कसं झालं हो?' ताई प्रत्येकाला हेच एक वाक्य सांगत: डोळ्यांवर कुणी पडदा टाकावा तसं झालं म्हणते. फोनचं त्या बोलल्या नाहीत. खोटं असं काही बोलल्या नाहीत. कुणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हाही मूग गिळून बसल्या.

लोकांना काय, एक धागा पुरतो. "पडदा टाकावा तसं" या शब्दांमधून "तसं" कधी गळून पडलं ते कळलं नाही. आठवड्याभरात पडदा टाकणारी बाई तयार झाली, तिचे मोकळे केस तयार झाले, तिच्या पायांबद्दलही काहीबाही ऐकू यायला लागलं. त्या चौकात आधीही माणसं ठोकरली जात, पण तेव्हा लोक नगरपालिकेला शिव्या देत. आता पडदेवालीला हात जोडायला लागले. आणि पडदेवाली तयार झाल्यावर पडदाबाबा यायला कितीसा वेळ! कुठून आले देव जाणे. बंद पडलेल्या फर्निचरच्या शोरूममध्ये त्यांनी बस्तान बसवलं.

ताईंना बाबा देवासारखे भेटले. त्या लेकीसाठी टिकली घेऊन आल्या.

लेक पलंगावर पाय लांब करून बसली होती. टिकलीकडे बघून म्हणाली, "आई, त्या दिवशी मी तुझ्याशी बोलत होते हे तू कुणाला सांगितलंस का?"

"कुणी विचारलंच नाही," ताई म्हणाल्या आणि चादरीची नसलेली सुरकुती काढायला लागल्या.

"मला आठवतंय ना सगळं. मी कपाटातच होते बघ. अस्तरांच्या खणात. रस्ता नव्हताच."

"झालं गेलं ते उगाळू नकोस आता."

"उचलला मीच ना फोन? तू काय बंदूक लावली होतीस का कानाला?"

"उचललास कारण सवय मी लावली!" ताई एकदम ओरडल्या, मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "टिकली लाव. माझ्यासाठी लाव." लेकीनं टिकली उशाशी ठेवून दिली. लावली नाही.

आणखी एक माणूस येऊन गेला होता. व्हॅनवाला. दुकानांना माल पोचवणारा, चाळिशीचा, खांदे पडलेला. फळांची पिशवी घेऊन दारातच उभा राहिला, आत यायला धजेना.

"ताई, सिग्नल माझा होता. मी हॉर्न दिला, पुन्हा दिला. तिनं माझ्याकडे बघितलं हो. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मला वाटलं, आता थांबेल. आणि तिनं पाऊल टाकलं." त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मला सांगा, बघून कुणी पाऊल टाकतं का? मग माझंच काहीतरी चुकलं असणार. मालकानं मला घरी बसवून ठेवलंय. बसलो तरी तेच डोळे, झोपलो तरी तेच डोळे."

ताईंच्या जिभेवर आलं होतं. अहो, ती तुमच्याकडे बघत होती, पण ती होती माझ्या कपाटात. एवढंच तर सांगायचं होतं. पण ताई म्हणाल्या, "लोक म्हणतात, त्या चौकात काहीतरी आहे." तो भला माणूस मान हलवून गेला. फळं तशीच सुकली, ताईंच्या घशाखाली एक उतरलं नाही.

इकडे टिकल्या घरोघर पोचल्या. टिकली फुकट होती. दक्षिणेच्या पाकिटात काय घालायचं ते ज्याच्या त्याच्या मनावर. मात्र चेला प्रत्येक पाकीट दिव्यासमोर धरून बघे. आणि गंमत बघा, टिकली लावल्यापासून लोक जास्तच बिनधास्त झाले. आधी निदान फूटपाथच्या कडेला क्षणभर थबकत. आता फोनात डोकं खुपसून, टिकलीची बाजू गाड्यांकडे करून खुशाल चालायला लागले. पडदा पडायची भीती नाही म्हटल्यावर मान वर करायची गरज काय?

ताईंच्या कारखान्यातल्या काजबटणवालीनं टिकली घेतली ती ताईंच्याच आग्रहावरून. एका सकाळी ती कामाला येताना भाचीनं पाठवलेला व्हिडिओ बघत होती. चौकात स्कूटरनं तिला उडवलं. उजवा हात मनगटापासून प्लॅस्टरमध्ये. काजं करणारीचा उजवा हात!

ताई भेटायला गेल्या तर तीच ओशाळून म्हणाली, "तुमचा काही दोष नाही हो, ताई. बाबा म्हणाले, मी टिकली उलटी लावली. माझाच धांदरटपणा."

 गोल टिकलीला उलटसुलट कुठून आलं, हे शिवणकाम करणाऱ्या दोन बायकांनी एकमेकींना विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर पुढचा प्रश्न विचारावा लागला असता, आणि त्याच्यापुढचा.  ताई तशाच उठून घरी आल्या.

पुढच्या बैठकीला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी आवई उठवली होती की आज पडदेवालीचं मूळच उपटणार. मूळ कोण? तर व्हॅनवाला. तो बाबांच्या पायाशी मान खाली घालून उभा होता, हातात मालकाकडून मागून आणलेली व्हॅनची किल्ली.

"पडदेवाली याच्या गाडीवर बसलेली आहे!" बाबा गरजले. "हा जिथं जाईल तिथं ती जाईल. आज हा शपथ घेईल की जन्मात पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही. घेशील ना, बाळा?"

"दुसरं काही येत नाही हो मला," तो पुटपुटला. "पोरं लहान आहेत. पण तुम्ही म्हणता तर... त्या पोरीचे डोळे मिटतील ना माझ्यासमोरचे?"

"मिटतील! किल्ली त्या पोरीच्या आईच्या हातात दे. कुठं आहेत त्या माउली? या, पुढं या!"

ताई उठल्या.  गर्दीनं वाट करून दिली, कुणी कुणी नमस्कार केला. काजबटणवालीनं आपला प्लॅस्टरचा हात वर करून धीर दिला.

"किल्ली घेण्याआधी माउलींची शुद्धी," बाबा म्हणाले. चेल्यानं ताईंचा नंबर घेतला आणि तो पडद्यामागं गेला. फोन वाजला. ताईंनी तो कानाला लावला आणि खडूच्या रेघांमध्ये उभ्या राहिल्या. हॉल चिडीचूप. बाबांचा दंडकच होता, माणूस चालत असताना कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही.

"चाला," फोनमधला आवाज म्हणाला. "आता मनानं तुमच्या घरात शिरा. दारापासून एकेक खिडकी मोजत चला. पहिली कुठली?"

"बाहेरच्या खोलीतली. रस्त्याकडची."

"तिला गज कसे आहेत? उभे की आडवे?"

"उभे. नाही, थांबा... हो, उभेच. एक वाकलाय."

"पुढं?"

"मग स्वयंपाकघर. ओट्यावर एक. तिची जाळी कोपऱ्यात फाटलीय. मग लेकीच्या खोलीत... न्हाणीघरातला झरोका धरायचा का?"

"धरा."

ताईंच्या चपलेला भिंत लागली. त्या दचकून भानावर आल्या. हॉलमध्ये हलकल्लोळ माजला होता.

"दिसली छत्री?" बाबांनी विचारलं.

"गेलात तुम्ही?" ताईंनी विचारलं. "खरंच गेलात?"

"माउलींच्या नाकासमोरून! पडदा, बाळांनो, जाडजूड पडदा!"

लोक हळहळत होते. ताई मात्र तिथंच भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. त्या या हॉलमध्ये नव्हत्याच. त्या घरी होत्या, लेकीच्या खोलीच्या उंबऱ्यावर, झरोका धरायचा की नाही याचा विचार करत. डोळे इथं, आणि त्या तिथं. आणि त्यांना लेकीचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला: थांब हं, आठवते, वरच्या खणात दोरे...

तोच प्रश्न होता. कुठं आहे, कसं आहे, आठव, सांग. बाबांच्या चेल्यानं तो खिडक्यांचा विचारला होता. ताईंनी कात्रीचा विचारला होता.

 चेला ताट घेऊन आला, "फोन ठेवा, टिकली लावायचीय." ताईंनी फोन ठेवला नाही. मुठीत घट्ट धरला.

"बाबा," त्या म्हणाल्या, "मी फोन ठेवणार नाही. टिकली लावा आणि फोन कानाला तसाच असू द्या. मग चालते."

बाबांची एक भुवई हलली. "टिकली मुरावी लागते, माउली."

"मग मुरलेली घेऊ. इकडे ये गं." त्यांनी काजबटणवालीला खूण केली. "हिच्या फोनवरची टिकली चांगली मुरलीय, हाताला प्लॅस्टर चढेपर्यंत मुरलीय. हा फोन आता हे व्हॅनवाले भाऊ घेतील. मी त्यांना माझ्या फोनवरून विचारते. प्रश्न खिडक्यांचा नाही, साधाच. आणि छत्री हिच्या डाव्या हातात द्या."

"पडदेवालीशी खेळ नको!" बाबांचा आवाज चढला. "तिच्या लहरी, तिची कंपनं... तिचं नेटवर्क तुम्हाला कळणार नाही!"

"बघू तरी द्या!" मागून कुणीतरी ओरडलं. गर्दीला तमाशाच बघायचा होता, एक फुकटचा आणखी मिळाला तर कुणाला नको असतो?

व्हॅनवाला गोंधळून रेघांमध्ये उभा राहिला. ताई पलीकडच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी फोन लावला.

"चाला, भाऊ. मला सांगा, तुम्ही गाडीत माल कसा भरता? आधी काय चढवता?"

"आधी? शेवटच्या दुकानाचा," तो चालत म्हणाला. "शेवटचा जो उतरणार तो सगळ्यांत आत. मग त्याच्या अलीकडचा... काचेचं सामान असलं तर ते डाव्या बाजूला, पोत्यांच्या आधारानं..."

"आणि काचेच्या वर काय?"

"वर काही नाही. नाही, हलकी खोकी चालतात, म्हणजे बिस्किटांची वगैरे..."

काजबटणवाली डाव्या हातात पिवळी छत्री सावरत त्याच्या समोरून गेली. छत्री तिला पेलवेना, एका बाजूला कलली, त्याच्या शर्टाला घासायचीच राहिली. तो बिस्किटांची खोकी रचत भिंतीपाशी पोचला.

"छत्री दिसली?" आता अख्ख्या हॉलनंच विचारलं.

"उघडली होती कुणी?" व्हॅनवाला म्हणाला.

"आता टिकलीही नको आणि फोनही नको," ताई म्हणाल्या. "नुसते चाला." तो चालला, आणि तिसऱ्याच पावलाला वैतागून म्हणाला, "अहो बाई, सांभाळा, डोळ्यात जाईल की काडी!"

 मग बँकेतला कारकून सावकाश उठला. "म्हणजे... दुसऱ्या वेळी माझाही फोन ताटात होता," तो म्हणाला. "टिकलीनं नाही. फोन नव्हता म्हणून दिसली."

"यांच्यावर दुहेरी पडदा आहे!" बाबा ओरडले, पण आता आवाजात दम नव्हता. कुणीतरी मागचा पडदा ओढला, तर ताट टाकून तिथं लपलेला चेला उघडा पडला. त्यानंतर बाबा आणि चेला मागच्या दारानं सटकले ते इतके घाईत, की छत्री इथंच राहिली.

हॉलमध्ये एकच गिल्ला झाला. लोकांनी ताईंना गराडा घातला. "वाघीण आहात, ताई!" "काय चोरी पकडलीत!" कुणी हात हातात घेतले. ताईंनी तिथूनच घरी जायला हरकत नव्हती. नाव झालं होतं, लबाड पळाला होता, आणि त्यांना काही विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

एक उरला होता. व्हॅनवाला किल्लीकडे बघत उभा होता.

"ताई," तो म्हणाला, "हे कळलं. पण तुमच्या मुलीच्या हातात फोन नव्हता. कानालाही नव्हता. मी बघितलंय ना, सरळ बघितलंय."

"कानात होतं. केसांखाली."

"कुणाशी बोलत होती ती?"

आजूबाजूचे लोक ऐकायला वळले. ताईंना वाटलं, आता धरणी दुभंगली तर बरं. पण ती काही दुभंगली नाही.

"माझ्याशी," त्या म्हणाल्या. "कात्री कुठं ठेवलीस म्हणून मी विचारत होते. ती आठवत होती. तिनं तुमच्याकडे बघितलं, पण तुम्ही तिला दिसला नाहीत. तुमचं काही चुकलं नव्हतं, भाऊ. सिग्नल तुमचा होता. हॉर्न मी ऐकले, फोनवर. दोन्ही वेळा."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी तुमच्या दारात उभा होतो तेव्हाही?"

"तेव्हाही."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. काजबटणवाली आपल्या प्लॅस्टरकडे बघत राहिली, ताईंकडे बघेना. मघाशी हात हातात घेणाऱ्यांनी हात कधी सोडले ते ताईंना कळलं नव्हतं.

"पडदेवाली मी जन्माला घातली," ताई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं, पण त्या थांबल्या नाहीत. "पोरीच्या एका वाक्यावर पांघरूण घालून मी ती तुम्हाला दिली, कारण ती असली तर मी सुटत होते. तुमच्यातल्या किती जणांनी टिकल्या लावून मान खाली घातली! हिचा हात मोडला. या भल्या माणसाची भाकरी गेली. बाबा तर नंतर आले. त्यांनी नुसतं माझ्या खोट्यावर दुकान टाकलं."

मागच्या रांगेतले एक आजोबा चाचरत उठले. "मग बाई, आम्ही चौक ओलांडायचा कसा? काही म्हणायचं का तेव्हा मनात?"

"काही म्हणायचं नाही, आजोबा. बोलायचंही नाही. फोन खिशात, दोन्हीकडे बघायचं, आणि बघताना तिथंच असायचं. माणसाला एका वेळी दोन ठिकाणी राहता येत नाही. त्यासाठी भूत असावं लागत नाही, मंत्र लागत नाही. तो आपला सगळ्यांचाच स्वभाव आहे." त्यांनी डोळे पुसले. "आणि जे माझ्यासारखे घरी बसून फोन करतात, त्यांनी आधी एवढंच विचारावं: रस्त्यात आहेस का? हो म्हणाली, तर ठेवून द्यावा. तिला सोबत होत नाही त्यानं. आपण तिला रस्त्यावरून उचलून घरी आणतो आणि तिचे पाय तिथंच चालत राहतात."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायकांनी पिशव्यांतून आपापले फोन काढून नखांनी टिकल्या उचकटायला सुरुवात केली.

"मी उद्या तुमच्या मालकाकडे येते," ताई व्हॅनवाल्याला म्हणाल्या. "सगळं सांगते."

"उद्या नको," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "तुम्ही एकदा गप्प बसला आहात, ताई. आत्ता चला. आधी पोलीस चौकीत."

त्या निघाल्या. तो दोन पावलं पुढं चालत राहिला, मागे वळून बघितलं नाही. चौकीतल्या हवालदारानं जुना जबाब शोधून काढला, पेन हातात घेतलं आणि कंटाळलेल्या सुरात विचारलं, "बोला, यात आता नवीन काय लिहायचंय?"

"फोन मी केला होता," ताई म्हणाल्या. "लिहा."